ई-सायकलच्या मागच्या चाकाचे वारंवार होणारे बिघाड आणि त्यांचे निवारण

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बॅटरीवर चालणारी सायकल आता केवळ शाळा-कॉलेजच्या मुलांची राहिलेली नाही. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीच्या बागेवर जाणारा माणूस ठिबकच्या नळीचे भेंडोळे कॅरिअरवर आवळून तिच्यावरूनच जातो, दूधवाले दोन्ही बाजूंना कॅन लटकवतात आणि खेड्यातला लहान दुकानदार बाजाराचा माल तिच्यावरच आणतो. हे सगळे ओझे मागच्या चाकावर पडते आणि मोटरही त्याच चाकात असते, त्यामुळे बहुतेक तक्रारी त्याच चाकाच्या असाव्यात यात नवल नाही. नवल याचे आहे की, तीच तक्रार दुरुस्तीनंतर महिन्या-पंधरा दिवसांत परत येते. ‘चाक डुली ऱ्हायनं’ (चाक डुलते आहे) एवढ्या एका वाक्यात गिऱ्हाईक सैल एक्सल (चाकाचा आस), तुटलेला स्पोक, झिजलेली बेअरिंग आणि घासणारा ब्रेक या चारही गोष्टी सांगून मोकळे होते, आणि कारागीरही समोर जे सैल दिसते ते आवळून सायकल परत देतो. माझे मत असे आहे की, अशा परत येणाऱ्या तक्रारींपैकी मोठा भाग एक्सल आपल्या जागेवर पक्का न राहिल्यामुळे निर्माण होतो, आणि तो दोष स्पोक, चेन, ब्रेक किंवा मोटर यांच्या नावाने दुरुस्त केला जात असल्यामुळे मूळ कारण जागच्या जागी राहते.

पुढील विवेचनात मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या डब्यात) गिअरची मोटर, ३६ व्होल्टची बॅटरी, २५० वॅटची क्षमता आणि पेडलच्या बाजूला एकेरी किंवा सात गिअरचे फ्रीव्हील (पाय थांबवले तरी चाक पुढे फिरू देणारे दातेरी चक्र) अशी सायकल गृहीत धरली आहे, कारण आपल्याकडे सर्वाधिक दिसते ती हीच. ज्या सायकलींची मोटर पेडलच्या ब्रॅकेटपाशी असते त्यांचा विषय वेगळा आहे, कारण त्यांत मोटरचा सगळा जोर चेनमधून चाकाकडे जातो. हब मोटरच्या सायकलीत चेनला फक्त पायाचा जोर लागतो, मोटरचा कधीच लागत नाही. निदानाचा बराचसा भाग या फरकावर उभा आहे.

दोष कोणत्या भागात आहे हे आधी वेगळे काढावे

हातात पाना घेण्यापूर्वी सायकल सपाट आणि वर्दळ नसलेल्या रस्त्यावर तीन प्रकारे चालवून पाहावी. पहिल्या वेळी वेग घेऊन बॅटरी बंद करावी आणि पाय स्थिर ठेवून सायकल नुसती वाहू द्यावी. दुसऱ्या वेळी बॅटरी बंदच ठेवून पायाने जोर लावून चालवावी. तिसऱ्या वेळी पाय स्थिर ठेवून फक्त थ्रॉटलवर, म्हणजे हँडलवरच्या मोटर चालवणाऱ्या कळीवर, चालवावी; थ्रॉटल नसलेल्या सायकलीत सायकल हाताने ढकलताना वापरावयाच्या बटणाने हे काम भागते.

नुसती वाहत असतानाही आवाज, घासणे किंवा हेलकावा जाणवत असेल तर दोष टायर, रिम, ब्रेक किंवा बेअरिंग यांपैकी कशात तरी आहे. गिअरच्या हबमध्ये एकेरी क्लच असतो, त्यामुळे सायकल वाहत असताना आतली मोटर व गिअर स्थिर असतात आणि त्या वेळी होणाऱ्या आवाजासाठी मोटर उघडण्याचे काहीही कारण नसते. फक्त पायाने चालवताना कटकट होत असेल तर चेन, फ्रीव्हील, क्रँक आणि पेडल एवढेच पाहावे. फक्त थ्रॉटलवर आवाज येत असेल तर हबच्या आतले गिअर, मोटरच्या वायर किंवा कंट्रोलर (बॅटरीकडून मोटरला जाणाऱ्या विजेचे नियंत्रण करणारी पेटी) यांच्याकडे वळावे. थ्रॉटल दिल्याबरोबर किंवा सोडल्याबरोबर मागे एकदाच ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर मात्र सायकल तिथेच थांबवावी, कारण एक्सल फ्रेममधील आपल्या खाचेत फिरत असल्याची ती खूण असते.

एक्सल : बहुतेक बिघाडांचे मूळ

साध्या सायकलीच्या मागच्या एक्सलचे काम चाक धरून ठेवणे एवढेच असते. हब मोटरमध्ये एक्सल स्थिर राहतो आणि हब त्याच्याभोवती फिरते, म्हणून मोटर चाकाला जेवढ्या जोराने पुढे फिरवते तेवढ्याच जोराने एक्सलला मागे फिरवू पाहते. एक्सल १२ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या दोन बाजू तासून १० मिलिमीटरपर्यंत चपट्या केलेल्या असतात. या चपट्या बाजू चिमट्याच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या फ्रेमच्या मागच्या टोकांच्या, खाचेत बसतात आणि एक्सलला फिरू देत नाहीत. २५० वॅटच्या गिअर असलेल्या मोटरचा जोर चढावर ३० ते ४० न्यूटन-मीटरपर्यंत (हे पिळण्याच्या जोराचे माप) जाऊ शकतो. ४० न्यूटन-मीटरचा पीळ १० मिलिमीटरच्या अंतरावरच्या दोन कडांनी पेलायचा म्हटला, तर प्रत्येक कडेवर सुमारे ४,००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ४०० किलो वजनाइतका दाब येतो. नट घट्ट असेपर्यंत यातला मोठा भाग नट आणि चिमटा यांच्यातील घर्षण पेलते. नट सैल झाला की सगळा भार खाचेच्या त्या दोन कडांवर येतो.

चाक उतरवून खाच उजेडात धरली तर झालेले नुकसान स्पष्ट दिसते. खाचेच्या आतल्या दोन्ही भिंती सारख्या झिजत नाहीत. समोरासमोरच्या तिरप्या कोपऱ्यांवरच रंग उडालेला असतो, तिथे धातू दबून चकचकीत झालेला असतो आणि ॲल्युमिनियमची फ्रेम असेल तर बोटाला राखाडी भुकटी लागते. एक्सलच्या चपट्या बाजूच्या कडेवरही तशीच एक उजळ रेघ असते. एवढे दिसले की एक्सल आलटून पालटून पुढे-मागे पिळला जात होता हे निश्चित समजावे, मग गिऱ्हाईक काहीही सांगो.

नट आवळण्यापूर्वी वायसरांचा क्रम पाहणे आवश्यक आहे. हबकडून बाहेर येताना आधी आतला वायसर, मग चिमट्याची खाच, मग जीभ असलेला वायसर आणि शेवटी नट असा क्रम बहुतेक हबना लागतो. जिभेच्या वायसरचे छिद्र एक्सलच्या चपट्या आकाराचे असते आणि त्याची जीभ आत वळून खाचेत बसली पाहिजे. ती खाचेच्या बाहेर फ्रेमवर टेकली असेल तर नट कितीही आवळला तरी वायसर तिरपा राहतो आणि काही किलोमीटरांत नट सैल होतो. काही फ्रेमच्या खाचेभोवती उंचवट्याची कड असते, आणि मोठा वायसर त्या कडेवर टेकल्यास नट धातूवर नीट बसतच नाही. अशा वेळी कडेच्या आत बसणारा लहान व जाड वायसर आधी घालावा लागतो.

नटाला बहुधा १८ मिलिमीटरचा पाना लागतो. उत्पादकाने पुस्तिकेत आकडा दिला असेल तर तोच पाळावा. नसेल तर ३५ ते ४० न्यूटन-मीटर हे माप सर्वसाधारणपणे योग्य ठरते. टॉर्क पाना (जोर मोजून आवळणारा पाना) जवळ नसल्यास २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे २० किलोचा जोर दिला की ४० न्यूटन-मीटर होतात, एवढा अंदाज पुरतो. पान्याला पाइप घालून आवळण्याची सवय येथे घातक आहे, कारण वायर ज्या बाजूने बाहेर येते त्या बाजूला एक्सल पोकळ असतो आणि त्याचे आटे अति जोराने निघून येतात किंवा एक्सलच तडकतो. आवळून झाल्यावर नटावरून फ्रेमपर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की नट हलला हे कोणालाही, सायकलीचे काहीच न कळणाऱ्यालाही, समजते.

ओझे वाहणाऱ्या सायकलीला टॉर्क आर्म बसवावा असे माझे स्पष्ट मत आहे. हा पोलादी पट्टीचा तुकडा एका टोकाला एक्सलच्या चपट्या बाजू घट्ट धरतो आणि दुसऱ्या टोकाला फ्रेमला जखडलेला असतो, त्यामुळे पीळ खाचेच्या कडांऐवजी लांब पट्टीने पेलला जातो. तो एका बाजूला पुरतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला दोन्ही बाजूंना असलेला बरा.

पंक्चर आणि त्यातून सुरू होणारी साखळी

खानदेशात एक्सल सैल होण्याचे मुख्य कारण मोटर नसून काटा आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. शेतरस्त्यांच्या कडेला वेडी बाभूळ माजलेली असते, तिचे काटे वाळल्यावर टायर सहज भेदतात, आणि सुगीनंतर सराट्यांची त्यात भर पडते. मागचे चाक पंक्चर झाले की घाईने चाक उतरवले जाते, वायसर हातात येतील तसे पुन्हा चढवले जातात, आणि जिभेचा वायसर आत जातो किंवा जमिनीवरच राहून जातो. त्यानंतरचा क्रम ठरलेला आहे. नट सैल होतो, एक्सल पिळतो, चाक तिरपे होऊन ब्रेकला घासते, चेन खरखरते, आणि एक्सलमधून बाहेर येणारी वायर थोडी थोडी गुंडाळली जाऊन शेवटी आतल्या आत तुटते किंवा दोन वायरचे वेष्टन सोलून त्या एकमेकींना चिकटतात. गिऱ्हाईक ‘मोटर गेली’ म्हणून येते, आणि सुरुवात पंक्चरपासून झाली हे कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते.

म्हणून पहिला नियम असा की, पंक्चरसाठी मागचे चाक उतरवू नये. सायकल आडवी किंवा स्टँडवर ठेवून टायरची एकच बाजू रिममधून काढावी, ट्यूबचा हवा तेवढा भाग बाहेर ओढावा, ठिगळ लावावे आणि ट्यूब परत आत सारावी. साध्या सायकलीचे पंक्चर काढणारे अनेक कारागीर हेच करतात. मोटरचे चाक पाहिल्यावर मात्र बुजून ते चाक उतरवायला घेतात. त्यांना तसे करू देऊ नये. टायरच्या आत काट्याचे मोडलेले टोक राहते, ते बोटाने नव्हे तर कापसाच्या बोळ्याने चाचपून काढावे, कारण टोक कापसात अडकते आणि बोटही वाचते. टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये लायनर (काटा अडवणारी पट्टी) घातला आणि टायरवर छापलेल्या मर्यादेत हवा भरपूर ठेवली तर पंक्चरची संख्याच घटते.

ट्यूब किंवा टायर बदलण्यासाठी चाक काढावेच लागले, तर आधी बॅटरी काढावी, मग मोटरचा कनेक्टर सरळ ओढून सोडवावा आणि वायसरांचा क्रम मोबाइलवर फोटो घेऊन ठेवावा. चाक परत बसवताना एक्सलमधील वायरची वाट खालच्या बाजूला असली पाहिजे, आणि वायर कनेक्टरकडे चढण्यापूर्वी खाली एक सैलसर वळण घेऊन गेली पाहिजे, म्हणजे पावसाचे पाणी वायरवरून ओघळत एक्सलमध्ये न जाता वळणाच्या टोकावरून खाली गळते.

स्पोक पुन्हा पुन्हा तुटणे

महिन्याला एक स्पोक तुटतो आणि दर वेळी तो बदलला जातो, ही तक्रार दूध व भाजी वाहणाऱ्यांकडून सर्वाधिक ऐकू येते. स्पोक कमकुवत होता असे मानून अधिक जाड स्पोक घालण्याकडे कल असतो, आणि त्याने बिघाड वाढतो. स्पोक ताणाने तुटत नाही, तो ताण कमी-जास्त होत राहिल्याने शिणून तुटतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात जमिनीकडच्या स्पोकचा ताण कमी होतो व वर गेल्यावर परत येतो. मुळात ताण पुरेसा असेल तर हा फरक त्याला पचतो, पण स्पोक सैल असेल तर खाली आल्यावर तो पूर्ण ढिला पडतो आणि हबच्या छिद्रापाशी वाकलेल्या जागी दर फेऱ्याला मोडत राहतो. १४ नंबरचा स्पोक २.० मिलिमीटर, १३ नंबरचा २.३ आणि १२ नंबरचा २.६ मिलिमीटर जाड असतो. जाड स्पोक अधिक ताठ असल्यामुळे त्याला पुरेसे ताणायचे तर रिमला न झेपणारा जोर द्यावा लागतो. रिम वाचवण्यासाठी कारागीर तेवढा ताण देत नाही, आणि जाड स्पोक सैलच राहून लवकर तुटतो. बहुतेक हब मोटरच्या चाकांना १३ नंबरचा, योग्य ताणाचा स्पोक पुरतो.

तुटला कुठे हे पाहणे येथे अत्यंत महत्त्वाचे आहे. हबच्या बाजूला वाकलेल्या ठिकाणी तुटला असेल तर वर सांगितल्याप्रमाणे ताण कमी आहे. रिमच्या बाजूला, निपलच्या (स्पोक आवळण्याच्या लहान नटाच्या) आट्यांपाशी तुटला असेल तर स्पोक रिममध्ये तिरपा शिरतो आहे; मोटरचे हब मोठे असल्यामुळे स्पोक आखूड असतात, आणि साध्या चाकाप्रमाणे प्रत्येक स्पोक दुसऱ्या स्पोकना तीनदा ओलांडून विणला तर निपलला फार तिरपा कोन येतो. अशा चाकाची विण एकदाच ओलांडण्याची असावी लागते, आणि ते चाक पुन्हा विणल्याखेरीज ती तक्रार थांबणार नाही.

ताण पाहण्यासाठी एकाच बाजूचे सगळे स्पोक नखाने किंवा लहान पान्याने छेडून आवाज ऐकावा. फ्रीव्हीलच्या बाजूचे स्पोक दुसऱ्या बाजूपेक्षा अधिक ताणलेले असतात, म्हणून तुलना एका बाजूची त्याच बाजूशी करावी. ज्याचा आवाज बसका येतो त्याला पाव फेरा द्यावा, रिमची आउट (फिरताना होणारा हेलकावा) पाहावी आणि पुन्हा ऐकावे. एकाच स्पोकला दोन-तीन फेरे देऊन आउट काढणे म्हणजे शेजारचा स्पोक सैल करणे होय. नव्या किंवा नव्याने विणलेल्या चाकाचे स्पोक पहिल्या दोनशे किलोमीटरच्या आसपास एकदा तपासावेतच, कारण या काळात ते आपापल्या जागी बसतात आणि सगळे थोडे ढिले पडतात.

चेन आणि फ्रीव्हील

एकेरी फ्रीव्हीलच्या सायकलीत चेन वारंवार सैल होते अशी तक्रार असेल तर चेन ताणली गेली असे लगेच मानू नये. आडवी खाच असलेल्या फ्रेममध्ये पायाच्या जोराने एक्सलची उजवी बाजू पुढे ओढली जाते, चाक तिरपे होते आणि टायर डाव्या बाजूच्या नळीला घासू लागतो. टायरच्या डाव्या भिंतीवर घासल्याची पट्टी दिसली की चेन निर्दोष असून नट सैल आहे, असे समजावे. येथेही मूळ तेच.

चेनची खरी झीज लोखंडी पट्टीने मोजता येते. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवल्यास नव्या चेनची पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदलण्याची वेळ आली. १/८ इंच पुढे गेली असेल तर फ्रीव्हीलचे दातेही त्याच मापाने झिजलेले असतात, आणि फक्त नवी चेन टाकल्यास ती जुन्या दात्यांवरून उसळते. आपल्याकडे उन्हाळ्याची धूळ आणि जिनिंगच्या परिसरात उडणारा कापसाचा तंतू तेलावर बसून घासण्याच्या कागदासारखा काम करतो, म्हणून भरपूर तेल ओतणे हे उपकाराऐवजी अपकार ठरते. चेन रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन कोरडी करावी, प्रत्येक जोडावर एक एक थेंब तेल सोडावे आणि वरचे तेल फडक्याने पुसून काढावे. डिस्क ब्रेक असेल तर या वेळी डिस्कवर फडके झाकावे, तेलाचा थेंबही तिला लागू देऊ नये.

पेडल एकाएकी रिकामे पुढे जाते तेव्हा चेनकडे पाहावे. चेन दात्यांवरून उडी मारत असेल तर दोष चेनमध्ये वा दात्यांत आहे. चेन आणि फ्रीव्हीलचे दाते फिरत असूनही चाकाला जोर पोहोचत नसेल तर फ्रीव्हीलच्या आतले ‘कुत्रे’, म्हणजे दात्यांत अडकून जोर पोहोचवणारे लहान खटके, धूळ व वाळलेल्या ग्रीसने चिकटले आहेत. पातळ तेलाने ते धुतले जातात, पण एकदा असे झालेले फ्रीव्हील मी तरी परत बसवण्याचा सल्ला देत नाही, कारण ते दगा देते तो नेमका रस्ता ओलांडताना पायावर जोर दिल्यावर.

चाक जड फिरणे आणि मोटर अडखळणे

चाक जड फिरत असेल तर मोटरचा कनेक्टर सोडवून पुन्हा फिरवावे. या तपासणीत एक बारकावा अनेकांकडून सुटतो. गिअर असलेले हब पुढे फिरवताना क्लच मोटरला वेगळे ठेवतो, म्हणून पुढे फिरवताना जाणवणारा जडपणा विजेचा नसतो. तो ब्रेकचा, बेअरिंगचा किंवा अडकलेल्या क्लचचा असतो. विजेची चाचणी चाक मागे फिरवूनच करावी लागते, आणि तेव्हा चेनबरोबर पेडलही मागे फिरतात, ते फिरू द्यावेत. मागे फिरवताना चाक धक्के देत अडत असेल आणि कनेक्टर सोडवल्यावर हलके होत असेल, तर कंट्रोलरमधील भाग जळून आतल्या आत जोडला गेला आहे. कनेक्टर सोडवूनही धक्के तसेच राहिले तर मोटरच्या तीन जाड वायरपैकी दोन कुठे तरी एकमेकींना लागल्या आहेत, आणि ती जागा बहुधा एक्सलच्या तोंडाशी सापडते. गिअर नसलेल्या मोठ्या थेट मोटरमध्ये क्लच नसतो, त्यामुळे तिथे हाच दोष पुढे फिरवतानाही जाणवतो.

मोटर सुरू होताना थरथरते, पण हाताने ढकलल्यावर चालू लागते, अशी अवस्था असेल तर आधी कनेक्टर उघडून पाहावा. त्यात पाणी शिरून पिना हिरव्या झालेल्या असतात, किंवा तो खुणेच्या रेघेपर्यंत आत गेलेला नसतो. कनेक्टरवरचे बाण समोरासमोर आणून तो सरळ दाबावा. पिळून घातल्यास आतील बारीक पिना वाकतात आणि मग सगळी वायरच बदलावी लागते. कनेक्टर निर्दोष असेल तर हॉल सेन्सरची, म्हणजे मोटर कोणत्या स्थितीत आहे हे कंट्रोलरला कळवणाऱ्या भागांची, पाळी येते. हॉलच्या पाच बारीक वायर असतात. कंट्रोलर चालू ठेवून मल्टिमीटरने लाल व काळ्या वायरमध्ये साधारण ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत, आणि चाक हळूहळू मागे फिरवत असताना उरलेल्या तिन्ही वायरवर काळ्याच्या तुलनेत व्होल्टेज जवळपास शून्य आणि जवळपास ५ असे आलटून पालटून आले पाहिजे. जी वायर एकाच आकड्यावर थांबून राहते तिचा सेन्सर किंवा ती वायर गेली आहे. मीटरची टोके एकमेकांना लागू देऊ नयेत. ३६ व्होल्टचा झटका सहसा बसत नाही, पण शॉर्ट झाल्यास कंट्रोलर तत्काळ जळतो. डिस्प्लेवर येणारे बिघाडाचे आकडे पुस्तिकेतच पाहावेत, कारण एकाच आकड्याचा अर्थ निरनिराळ्या डिस्प्लेंवर निराळा असतो.

मोटर मुळीच चालत नसेल तर ब्रेकच्या लिव्हरमधील स्विचचा कनेक्टर काढून पाहणे सर्वांत सोपे असते. लिव्हर धुळीने पूर्ण परत आला नाही तर कंट्रोलर ब्रेक दाबलेलाच आहे असे समजतो. तपासणीनंतर तो कनेक्टर पुन्हा जोडावा. आणि २५ किलोमीटरच्या वेगावर मोटर सोडून देते ही तक्रार बिघाडाची नाही. परवाना व नोंदणी न लागणाऱ्या सायकलीच्या मोटरला २५० वॅटच्या आत आणि वेगाला ताशी २५ किलोमीटरच्या आत ठेवण्याचे बंधन केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे, आणि ते काढून टाकण्यासाठी कंट्रोलरशी खेळणाऱ्यांच्याच मोटरी पुढे लवकर दुरुस्तीला येतात.

चढ, ऊन आणि चिखल

जळगाव-भुसावळच्या बाजूला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि त्या उन्हात धुळ्याजवळचा लळिंग घाट किंवा चाळीसगावहून वर जाणारा औट्रम घाट ओझ्यासह मोटरवरच चढला तर हबच्या आतले नायलॉनचे गिअर सर्वाधिक ताणाखाली येतात. मोटर कमी वेगात जोर लावते तेव्हा बॅटरीतील ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेत जातो, आणि बंद हबमधून ती लवकर बाहेर पडत नाही. चढावर पायाने हातभार लावून वेग पडू देऊ नये, आणि हबवर तळहात ठेववत नसेल तर सावलीत थांबावे. गिअरचा दाता गेल्यावर थ्रॉटलवर कर्रकर्र असा आवाज येतो, मोटर फिरते पण चाक मधूनच मागे राहते. हे गिअर तीन असतात आणि एकाचाच दाता गेला तरी तिन्ही एकदम बदलावेत. जुने ग्रीस आणि त्यातले दात्यांचे तुकडे पूर्ण पुसून मगच नवे बसवावेत.

पावसाळ्यात तापीकाठच्या काळ्या मातीच्या रस्त्यावर चिखल टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरून चाक अडते. अशा वेळी थ्रॉटल देऊन चाक सोडवण्याचा प्रयत्न करू नये, कारण न फिरणाऱ्या मोटरचा पूर्ण जोर एक्सलवर येतो आणि कंट्रोलरमधून सर्वाधिक करंट वाहतो. उतरून काडीने चिखल काढावा. घरी आल्यावर सायकल बादली आणि ब्रशने धुवावी. वॉशिंग सेंटरवरचा दाबाचा फवारा हबच्या सीलमधून आणि कनेक्टरमधून पाणी आत सारतो.

खाच रुंदावली असल्यास

एक्सल खाचेत बसवल्यावर नट सैल ठेवून तो हाताने पुढे-मागे फिरवून पाहावा. जेमतेम हलत असेल तर टॉर्क आर्म आणि योग्य क्रमाचे वायसर पुरतात. स्पष्टपणे डगडगत असेल तर नुसता नट आवळण्याचा उपयोग नाही. पोलादी फ्रेम असेल तर चांगल्या वेल्डिंगवाल्याकडून खाचेवर १० मिलिमीटर मापाची पट्टी बसवून घेता येते. वेल्डिंगपूर्वी बॅटरी काढून कंट्रोलर, डिस्प्ले आणि मोटर यांचे सगळे कनेक्टर सोडवावेत. ॲल्युमिनियमची फ्रेम गावच्या वेल्डिंगला देऊ नये, कारण तापल्यावर त्या मिश्रधातूची ताकद जाते आणि चिमटा पुढे भाराखाली तुटू शकतो. तिथे दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म बसवून ओझे कमी करणे किंवा फ्रेम बदलणे हेच पर्याय उरतात, आणि फ्रेम बदलण्याचा खर्च सायकलीच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर मोटर, बॅटरी आणि कंट्रोलर काढून दुसऱ्या पोलादी फ्रेमवर चढवणे अधिक परवडते. मात्र त्या फ्रेमच्या मागच्या चिमट्यातील अंतर हबला लागते तेवढे, बहुधा १३५ मिलिमीटर, आहे ना हे पट्टीने मोजूनच ती विकत घ्यावी.